स्वस्त, देखणं आणि जुन्या वळणाचं

गेल्या वर्षी दिवाळी संपता संपता माझ्या मावसभावाचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला. तो डॅलसजवळ राहतो. सोळा वर्षं झाली त्याला तिकडे जाऊन. मेसेज असा होता: "दादा, पिस्तूल घ्यायचं म्हणतोय. पहिलंच. फार महाग नको, पण दिसायला भारी पाहिजे. ते प्लास्टिकचे काळे ठोकळे नकोत. जुन्या सिनेमातल्यासारखं हवं. तू इतिहासवाला, सांग ना काय घेऊ."

खाली तीन फोटो होते. तिन्हींत निळसर काळं पोलाद आणि मुठीला अक्रोडाचं लाकूड.

मी पुण्यात इतिहास शिकवतो. बंदुकीशी माझा संबंध आजोबांच्या बाराबोरपुरता. साताऱ्याच्या घरी ती माडीवर असायची. निवडणूक जाहीर झाली की आजोबा ती गोणपाटात गुंडाळून पोलीस ठाण्यात जमा करायचे आणि पावती धोतराच्या सोग्यात बांधून परत यायचे. निकाल लागल्यावर पुन्हा आणायची. ती उडालेली मी कधी पाहिली नाही. त्यामुळे 'काय घेऊ' याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पण ते फोटो मी बराच वेळ बघत बसलो, हे खोटं कशाला सांगू.

आधी एक गोष्ट सांगतो, कारण इकडे बसून आपल्याला वाटतं की अमेरिकेत कुणीही उठतो आणि बंदूक घेतो. H-1B व्हिसावर असलेल्या माणसाला तिथे सहसा बंदूक विकत घेता येत नाही. कायद्यात शिकारीच्या परवान्यासारखे काही अपवाद आहेत, तेवढेच. ग्रीन कार्ड आलं की ही आडकाठी जाते. परवानाधारक दुकानदाराकडून पिस्तूल घ्यायला २१ वर्षं पूर्ण लागतात, एक फॉर्म भरायचा, दुकानदार केंद्रीय यंत्रणेकडून पार्श्वभूमी तपासून घेतो, आणि झालं. म्हणजे भावाच्या घरी एकाच वर्षात दोन गोष्टी आल्या होत्या: ग्रीन कार्ड आणि पिस्तुलाची इच्छा. हा योगायोग नव्हता, हे मला नंतर कळलं.

पहिला फोटो होता 'नाइन्टीन इलेव्हन'चा. तुम्ही दुसऱ्या महायुद्धावरचा कुठलाही हॉलिवूडपट पाहिला असेल, तर हे पिस्तूल पाहिलेलंच आहे. सपाट बाजू, मागे उभा घोडा, थोडी तिरपी मूठ. रिकामं असताना वजन साधारण १.१ किलो, मॅगझिनमध्ये सात काडतुसं. हे बनवलं जॉन मोझेस ब्राउनिंगने. युटा राज्यातल्या ऑग्डेन गावचा, १८५५चा जन्म, बाप बंदूक दुरुस्त करणारा. आजही जगातल्या बहुतेक पिस्तुलांना जो मागेपुढे सरकणारा वरचा भाग असतो, ज्याला 'स्लाइड' म्हणतात, ती याच माणसाची देणगी. फ्रेंच भाषेत एके काळी 'ब्राउनिंग' हा पिस्तुलाला सामान्य शब्दच होऊन बसला होता, आपल्याकडे झेरॉक्स झाला तसा.

हे नाव मराठी माणसाने शाळेतही ऐकलेलं असतं, फक्त लक्षात येत नाही. लंडनहून सावरकरांनी चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर पेटीच्या चोरकप्प्यातून २० पिस्तुलं पाठवली, ती ब्राउनिंग बनावटीचीच होती. २१ डिसेंबर १९०९ला नाशिकच्या विजयानंद थिएटरात 'संगीत शारदा'चा प्रयोग होता. तिथे अनंत कान्हेरेने कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, त्या यातल्याच एका पिस्तुलातून. पाच वर्षांनी सारायेव्होत गाव्रिलो प्रिन्सिपच्या हातातही ब्राउनिंगचंच डिझाइन होतं. ऑग्डेनच्या त्या मॉर्मन कारागिराला नाशिक कुठे आहे हे बहुधा ठाऊकही नसावं.

तर नाइन्टीन इलेव्हन. अमेरिकी सैन्याने ते २९ मार्च १९११ला स्वीकारलं, म्हणून हे नाव. त्याआधी त्याच महिन्यात चाचणी झाली. दोन दिवसांत ६००० गोळ्या. पिस्तूल तापलं की बादलीतल्या पाण्यात बुडवायचं आणि पुढे चालू. प्रतिस्पर्धी सॅव्हेज कंपनीचं पिस्तूल ३७ वेळा अडलं, ब्राउनिंगचं एकदाही नाही. बंदुकीच्या दुकानात ही गोष्ट अजूनही भक्तिभावाने सांगतात. भावालाही दुकानदाराने ती सांगितली आणि तिच्यासोबत दुसरी एक सांगितली, जी मला जास्त टोचली.

ती अशी. फिलिपिन्समध्ये मोरो नावाचे लढवय्ये होते. ते अंगात आल्यासारखे धावून यायचे. अमेरिकी अधिकाऱ्यांच्या .३८च्या रिव्हॉल्व्हरने ते पडायचेच नाहीत. म्हणून मग मोठी, .४५ची गोळी लागली, आणि तिच्यासाठी हे पिस्तूल जन्माला आलं.

यात खोटं फारसं नाही. .३८ अपुरं पडतं अशी तक्रार खरोखरच झाली. सैन्याने जुनी .४५ची रिव्हॉल्व्हरं पुन्हा बाहेर काढून तिकडे पाठवली. १९०४ साली थॉम्प्सन आणि लगार्ड या दोन अधिकाऱ्यांनी शिकागोच्या कत्तलखान्यात जिवंत गुरांवर आणि वैद्यकीय कामासाठीच्या मृतदेहांवर वेगवेगळ्या गोळ्या झाडून बघितल्या आणि शिफारस केली की गोळी .४५हून लहान नसावी. हा अहवाल वाचवत नाही. गुरं मरायला किती वेळ लागला याच्या नोंदी आहेत त्यात.

पण गोष्ट सांगताना मोरो कोण, हे कुणी सांगत नाही. दक्षिण फिलिपिन्समधले हे मुसलमान. स्पेनने ३०० वर्षं प्रयत्न करूनही जे पुरते ताब्यात आले नाहीत, ते. स्पेनने १८९८ साली फिलिपिन्स अमेरिकेला देऊन टाकलं, त्यात यांची बेटंही गेली, यांना न विचारता. मार्च १९०६मध्ये होलो बेटावर बुद दाहो नावाच्या विझलेल्या ज्वालामुखीच्या तोंडात काही गावं जाऊन बसली होती, बायकापोरांसकट. जनरल लेनर्ड वुडच्या सैन्याने वर चढून तोफा लावल्या. मेलेल्यांचा आकडा कुणी ६०० धरतं, कुणी हजाराच्या आसपास. अमेरिकन मेले साधारण वीस. खंदकात रचलेल्या प्रेतांमागे उभ्या असलेल्या शिपायांचा एक फोटो आहे. तो मी भावाला पाठवला नाही. पाठवायला हवा होता, असं आता वाटतं.

आणि नाइन्टीन इलेव्हन तिथे पोचेपर्यंत ते युद्ध जवळजवळ आटोपलंच होतं. मोठी शेवटची लढाई बुद बाग्साकची, जून १९१३. म्हणजे ज्या शत्रूसाठी पिस्तूल घडवलं म्हणतात, त्याच्यावर ते फारसं चाललंच नाही. चाललं ते युरोपात, पॅसिफिकमध्ये, कोरियात, व्हिएतनाममध्ये.

देखणेपणाचं काय, तर यातली एकही रेघ देखणेपणासाठी ओढलेली नाही. अंगठ्याखालचा खटका घोडदळाने मागितला. एका हातात लगाम असलेल्या शिपायाला भरलेलं पिस्तूल एकाच हाताने सुरक्षित करता यावं म्हणून. मुठीमागचा दाबाचा खटका त्याच भीतीपोटी, पिस्तूल हातातून निसटलं तर आपोआप उडू नये. मुठीच्या तळाची कडी दोरी अडकवायला, घोड्यावरून पडलं तर हरवू नये म्हणून. पहिल्या महायुद्धात शिपायांनी सांगितलं की घोडा मागे येताना अंगठ्याजवळची चामडी चावतो. मग १९२०च्या दशकात वरची शेपटी थोडी लांबवली, चापाच्या मागे दोन खोलगट खाचा घेतल्या. आज लोक त्या खाचांवरून बोट फिरवून 'काय लाइन आहे' म्हणतात. आपल्याकडे वाड्याच्या दिंडी दरवाजाचं तसंच आहे. वाकून आत येणाऱ्याची मान आधी दिसावी म्हणून तो ठेंगणा, आणि आता त्याच्यासमोर प्री-वेडिंग शूट.

दुसऱ्या महायुद्धात अशी जवळपास १९ लाख पिस्तुलं बनली. सगळ्यांत जास्त, पावणेनऊ लाखांच्या आसपास, कुणी बनवली असतील? रेमिंग्टन रँडने. टाइपरायटरवाल्या. रेल्वेचे सिग्नल बनवणाऱ्या एका कंपनीनेही बनवली. आणि शिलाई मशीनवाल्या सिंगरने फक्त ५००. तुमच्या आजीच्या घरी पायाने चालवायचं काळं मशीन असेल, त्याच्यावर सोनेरी अक्षरांत जे नाव असतं, तेच. ५०० नग झाल्यावर सिंगरला तोफांची नेम धरणारी यंत्रं बनवायला सांगितलं. आता ती ५०० पिस्तुलं लिलावात निघाली की लाखाच्या वर डॉलर पडतात. मूळ सरकारी माल सामान्य माणसालाही मिळू शकतो. २०१८पासून सैन्याच्या गोदामातली जुनी नाइन्टीन इलेव्हन एका संस्थेमार्फत नागरिकांना विकतात. अर्ज करायचा, संगणक क्रमांक काढतो, आणि तुमचा नंबर येईपर्यंत बसा. थोडक्यात, म्हाडाची सोडत. आणि नंबर लागला तरी किंमत हजार डॉलरच्या आसपास जातेच.

मग स्वस्त कुठलं? इथे गंमत आहे.

ब्राउनिंगचं पेटंट १४ फेब्रुवारी १९११चं. तेव्हा अमेरिकेत पेटंट १७ वर्षं चालायचं, म्हणजे १९२८ला ते संपलं. त्यानंतर हे डिझाइन कुणाचंच नाही, किंवा सगळ्यांचं आहे. आज कोल्ट कंपनीचं नवं घ्यायला गेलात तर हजाराच्या घरात जावं लागतं. त्याच्या निम्म्या किमतीत, चार-पाचशे डॉलरच्या आतबाहेर, तसंच्या तसं पोलादी पिस्तूल मिळतं. भावाच्या दुकानदाराने काचेखालून काढून दाखवलं ते हेच. नाव एकदम अमेरिकन, रॉक आयलंड आर्मरी. इलिनॉयमध्ये याच्याशी मिळत्याजुळत्या नावाचा जुना सरकारी शस्त्र कारखाना आहे, त्यामुळे वाटतं घरचाच माल. पण आयात केलेल्या बंदुकीवर देशाचं नाव कोरावंच लागतं, तसं ते याच्यावरही आहे. फिलिपिन्स.

मनिलाजवळच्या मरिकिनात आर्मस्कॉर नावाच्या कंपनीचा कारखाना आहे. तिचं मूळ १९०५ साली मनिलात उघडलेल्या स्क्वायर्स बिंगहॅम या दुकानात. १९०५, म्हणजे बुद दाहोच्या एक वर्ष आधी. अमेरिकी राजवटीत अमेरिकनांनी काढलेला धंदा. पुढे तो तुआसोन या फिलिपिनो कुटुंबाकडे आला, आणि आता तिथले कामगार जगात सर्वाधिक खपणाऱ्या नाइन्टीन इलेव्हनपैकी काही घडवून अमेरिकेला पाठवतात. मोरोंना थांबवायला काढलेलं पिस्तूल. मरिकिना मोरोंचं नाही, उत्तरेकडचं आहे, हे मान्य. तरीही.

फिलिपिन्समध्ये याचा एक बिगरसरकारी चुलतभाऊपण आहे. सेबू बेटावरच्या दानाओ गावात घरोघरी हातकानशीने बंदुका घडवायची परंपरा आहे, त्यांना 'पाल्तिक' म्हणतात. आपला गावठी कट्टा समजा, पण बराच सफाईदार. तुर्कस्तानच्या काळ्या समुद्राकाठी, त्राब्झोन आणि गिरेसुनकडेही असेच घरगुती कारागीर होते. १९९०च्या दशकात तिथे रीतसर कारखाने उभे राहिले, तिसाश आणि गिरसान. आज अमेरिकेतल्या स्वस्त आणि देखण्या पिस्तुलांच्या काचेच्या कपाटात फिलिपिन्सच्या शेजारी तुर्कस्तान असतं.

बाकीच्या दोन फोटोंबद्दल थोडक्यात. दुसरा होता 'हाय पॉवर'. ब्राउनिंगचं शेवटचं काम. ते करता करताच १९२६ला बेल्जियमच्या कारखान्यात तो गेला, आणि द्यूदोने सैव्ह याने ते १९३५पर्यंत पुरं केलं. मुठीत १३ गोळ्या मावतात आणि तरीही मूठ जाड वाटत नाही, ही त्यातली करामत. युद्धात बेल्जियमचा कारखाना जर्मनांनी घेतला. मग तेच पिस्तूल कॅनडात टोरांटोला बनू लागलं, म्हणजे दोन्ही बाजूंच्या कमरेला एकच डिझाइन. भारतीय सैन्याचं इशापूरला बनणारं नऊ एमएम पिस्तूल हे याचंच रूप. बेल्जियमच्या कंपनीने २०१८च्या सुमारास ते बंद केलं आणि तीन-चार वर्षांत तुर्कांनी हुबेहूब स्वस्त नक्कल बाजारात आणली. तिसरा फोटो चेकोस्लोव्हाकियाच्या सीझेड ७५चा. कम्युनिस्ट सरकारने त्याची पेटंटं गुप्त ठेवली. गुप्त पेटंट परदेशात दाखवता येत नाही, मग हक्क कसला सांगणार? इटलीपासून तुर्कस्तानपर्यंत सगळ्यांनी खुशाल नकला केल्या. सरकारी गुप्ततेचा इतका मोकळाढाकळा परिणाम मी दुसरा पाहिलेला नाही.

मी हे सगळं भावाला व्हॉइस नोटमधून सांगत होतो. तो ऐकत होता की दीडपट वेगाने पळवत होता, कोण जाणे. मग मी एकदा सहज म्हणालो की 'स्वस्त' हा शब्द जपून वापर, बंदुकीच्या बाबतीत त्याला वेगळा इतिहास आहे.

१८७९ साली टेनेसी राज्याने कायदा केला की पिस्तुलांपैकी फक्त 'आर्मी आणि नेव्ही' नमुन्याचीच विकता येतील. ऐकायला सुरक्षेचा कायदा. पण ही मोठी लष्करी रिव्हॉल्व्हरं महाग. हरलेल्या दक्षिणी सैन्यातल्या गोऱ्यांकडे ती आधीपासून होती. नुकत्याच गुलामीतून सुटलेल्या काळ्या शेतमजुराला परवडतील अशी छोटी, स्वस्त पिस्तुलं तेवढी बाद झाली. कायद्यात रंगाचा उल्लेख नाही. किमतीनेच काम केलं. त्याच्या आदल्याच वर्षी, १८७८ला, लॉर्ड लिटनने आपल्याकडे शस्त्र कायदा आणला. तिथे आडपडदा नव्हता. भारतीयाला परवाना, युरोपियनाला सूट. हा कायदा रद्द करा, ही मागणी काँग्रेस पुढे कित्येक वर्षं करत राहिली.

अमेरिकेत स्वस्त बंदुकीवर पुन्हा नजर वळली १९६८ला. केनेडींवर चालवलेली रायफल टपालाने मागवलेली होती, दुर्बिणीसकट १९.९५ डॉलरला. १९६८च्या एप्रिलमध्ये मार्टिन लूथर किंग आणि जूनमध्ये रॉबर्ट केनेडी गेले. ऑक्टोबरमध्ये कायदा झाला. परदेशी पिस्तुलांना चक्क गुण द्यायची पद्धत आली: लांबीला गुण, वजनाला गुण, खटक्यांना गुण, ७५ मिळाले तर आत. जेम्स बाँडचं वॉल्थर पीपीके उंचीत किंचित कमी पडून नापास झालं. कंपनीने काय केलं, मोठ्या भावाचा सांगाडा घेतला, त्यावर पीपीकेचा वरचा भाग बसवला, नाव ठेवलं पीपीके/एस, आणि पास. बाहेरून येणारी लहान, स्वस्त पिस्तुलं थांबली. मग तशीच देशात बनायला लागली.

भारतात यातलं काहीच नागरिकाला मिळत नाही. .४५ आणि नऊ एमएम दोन्ही प्रतिबंधित बोअर. सामान्य परवान्यावर मिळतं ते .३२चं. म्हणून माझ्यासाठी हा सगळा कागदी खेळ होता. भावासाठी नव्हता.

शेवटी मी विचारलं, जे पहिल्या दिवशीच विचारायचं होतं. "तुला हवंय कशाला?"

बराच वेळ 'टायपिंग' दिसत राहिलं. मग फोनच आला. म्हणाला, "दादा, सोळा वर्षं मी या देशात प्रत्येक फॉर्मवर परका होतो. हा पहिला फॉर्म आहे, ज्यात मी चालतो." पुढे म्हणाला, शेजारी रविवारी सगळे रेंजवर जातात. त्यांच्या मुठीत आजोबांची पिस्तुलं असतात. आपले आजोबा बाराबोर ठाण्यात जमा करायचे हे त्यांना सांगितलं, तर ते हसले.

मी त्याला टेनेसीची गोष्ट पुन्हा सांगणार होतो. नाही सांगितली. त्याचा मुलगा नववीत आहे, शांत, खोलीचं दार लावून बसणारा. मी एक आकडा सांगितला. २०२१ साली अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं मेली, त्यातल्या २६,३२८ आत्महत्या. दरोडेखोर नाहीत, घरचीच माणसं. तो चिडला. "तू घाबरवतोयस. मी देखणं पिस्तूल विचारलं होतं." फोन ठेवला. दोन आठवडे बोलणं नाही.

संक्रांतीला त्याने फोटो पाठवला. पिस्तुलाचा नव्हे, तिजोरीचा. कपाटात बोल्टने आवळलेली, आकड्यांच्या कुलपाची, रिकामी. खाली लिहिलं होतं, हिला पिस्तुलाच्या निम्मे पैसे गेले. नंबर बायकोलाही सांगितलेला नाही, आणि त्यावरून घरात भांडण चालू आहे. मुलाशीही बोललो, असं त्याने लिहिलं. काय बोलणं झालं ते लिहिलं नाही.

मार्चमध्ये पिस्तुलाचा फोटो आला. नाइन्टीन इलेव्हन, फिलिपिन्सचं. लाकडी मूठ, करडं पोलाद, मागे तिजोरीचं उघडं दार. त्याने बाजूचा कोरलेला मजकूर मोठा करून वेगळा पाठवला होता आणि विचारलं होतं:

"दादा, तू ते ज्वालामुखीचं काहीतरी म्हणाला होतास. ते परत पाठव ना. मी पळवलं होतं."

या वेळी मी तो फोटोही सोबत पाठवला.